शेपटीची किंमत

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला भाच्याचा फोन आला. "मामा, घरी आहेस ना? येतोय." शनिवारी दहाच्या आत उठलेला आयटीवाला म्हणजे एकतर प्रॉडक्शन बंद पडलंय किंवा लग्न ठरलंय. पण आला तो लॅपटॉप उघडतच. एक्सेल शीट. चाळीस ओळी, चाळीस नावं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच शेपूट... डॉट एआय.

"दोन वर्षांची नोंदणी एकदम करावी लागते. सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास जातात," तो म्हणाला. "त्यातलं एक जरी विकलं गेलं ना मामा, तर सगळं वसूल!"

पाच लाख कुठले, हे मला माहीत होतं. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी तीन वर्षं साठवतोय. माझ्याकडे येण्याचं कारणही लगेच कळलं. आमच्या ताईने त्याला सांगितलं होतं की मामा या धंद्यातला जुना खेळाडू आहे. ताई फार प्रेमाने बोलते माझ्याबद्दल. खरं तर "जुना बळी" हा शब्द जास्त योग्य होता.

तर मंडळी, आधी माझी गोष्ट, म्हणजे नंतरच्या गप्पांना जरा वजन येईल.

साल २००६. हातात पहिला बरा पगार, घरी नवं ब्रॉडबँड आणि डोक्यात भरपूर हवा. डॉट कॉममधली चांगली नावं केव्हाच संपली होती. बिझनेस डॉट कॉम १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेल्याची कथा आम्ही कॅन्टीनमध्ये पुराणासारखी सांगायचो. आपला जन्म दहा वर्षं उशिरा झाला, ही आमच्या पिढीची मुख्य तक्रार. तेवढ्यात डॉट मोबी आलं. मोबाईलसाठी खास शेपूट! मागे नोकिया, मायक्रोसॉफ्ट, व्होडाफोन अशी तगडी मंडळी. सप्टेंबर २००६ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं आणि त्याच सुमारास फ्लोरिडातल्या एका लिलावात फ्लॉवर्स डॉट मोबी दोन लाख डॉलरला गेलं. तेव्हाचे साधारण ९० लाख रुपये. फुलांचे!

मग काय, मी अकरा नावं घेतली. भाज्या, लग्न, ज्योतिष, भाड्याने खोल्या... तर्क बिनतोड होता. भारतात लोक इंटरनेट वापरणार ते मोबाईलवरच. हा तर्क शंभर टक्के खरा ठरला बरं का! फक्त माझे पैसे बुडाले.

कारण २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला आणि त्यावर साधी, नेहमीची वेबसाईट अख्खी उघडून दाखवली. मोबाईलसाठी वेगळ्या पत्त्याची गरजच संपली. मी पाच वर्षं नूतनीकरणाचे पैसे भरत राहिलो. "आता सोडलं आणि पुढच्याच महिन्यात कोणी मागितलं तर?" ही भीती. फ्लॉवर्स डॉट मोबीसुद्धा पुढे काही हजार डॉलरला विकलं गेलं. माझ्या अकरा नावांबद्दल पाच वर्षांत एक ईमेल आली. ती स्पॅम होती.

असो. आता इतिहास.

ही दोन अक्षरी शेपटं आली कुठून? १९८० च्या दशकात इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बसत होती, तेव्हा कॉम, ऑर्ग, एज्यु वगैरे ठरले. पण देशांचं काय? हे सगळं सांभाळणारा जॉन पोस्टेल हा दाढीवाला शास्त्रज्ञ हुशार होता. कोण देश आणि कोण नाही, या वादात त्याला पडायचंच नव्हतं. त्याने सरळ आयएसओ या प्रमाणन संस्थेची तयार यादी उचलली, तिचा क्रमांक ३१६६. जगातल्या प्रत्येक देशाला आणि बऱ्याच वेगळ्या प्रदेशांना त्या यादीत दोन अक्षरं दिलेली आहेत. यादीत असाल तर शेपूट मिळेल, नसाल तर नाही. भारताला १९८९ मध्ये डॉट इन मिळालं ते याच नियमाने. (ते सर्वांसाठी खऱ्या अर्थाने मोकळं व्हायला मात्र २००५ उजाडलं. आपल्याकडची कामं!)

यादी तयार करणाऱ्यांच्या डोक्यात जहाजांचा माल, बँका, टपाल असलं काहीतरी होतं. या दोन अक्षरांना कधी बाजारभाव येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे वाटप झालं ते निव्वळ लॉटरीसारखं.

भाच्याच्या लाडक्या एआयचंच घ्या. हे शेपूट अँग्विलाचं. कॅरिबियन समुद्रातलं ९१ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती १६ हजारांच्या आसपास. क्रिकेटवाल्यांना ओमारी बँक्स आठवत असेल. २००३ मध्ये अँटिग्वाला वेस्ट इंडिजने ऑस्ट्रेलियाविरुद्ध चौथ्या डावात ४१८ धावा काढल्या, त्यात नाबाद ४७ करणारा. तो अँग्विलाचा पहिला कसोटीपटू.

१९६७ मध्ये ब्रिटिशांनी या बेटाची मोट सेंट किट्स आणि नेव्हिसबरोबर बांधून दिली. अँग्विलाच्या लोकांना सेंट किट्सचं राज्य नको होतं. ३० मे १९६७ ला त्यांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून हाकलून दिलं. मार्च १९६९ मध्ये ब्रिटनने पॅराट्रूपर आणि लंडनचे पोलीस उतरवले, प्रतिकार झालाच नाही. गंमत म्हणजे अँग्विलावाल्यांना ब्रिटिश नको नव्हतेच, सेंट किट्स नको होतं! शेवटी डिसेंबर १९८० मध्ये ते अधिकृतपणे वेगळे झाले.

आणि एआय ही अक्षरं? ती आधी भलत्याच कोणाकडे होती. आफ्रिकेच्या टोकावर अफार आणि इसा नावाचा फ्रेंच प्रदेश होता, एआय त्याचा संकेत. १९७७ मध्ये तो स्वतंत्र झाला, जिबुती झाला, त्याचा संकेत बदलून डीजे झाला आणि एआय मोकळं पडलं. ते मिळालं अँग्विलाला. विचार करा, बेटावरच्या लोकांनी १९६७ मध्ये पोलिसांना हाकललं नसतं, तर आज ते सेंट किट्सच्या केएनमध्ये कुठेतरी असते.

१९९५ मध्ये हे शेपूट चालू झालं आणि पुढे बरीच वर्षं बेटावर स्थायिक झालेला व्हिन्स केट नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर ते सांभाळत होता. २०१८ मध्ये त्यातून बेटाला २९ लाख डॉलर मिळाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. २०२३ मध्ये बेटाचं उत्पन्न ३ कोटी २० लाख डॉलर! सरकारच्या एकूण महसुलाच्या एक पंचमांशाहून जास्त. त्याच वर्षी यू डॉट एआय हे नाव सात लाख डॉलरला विकलं गेलं. भाच्याच्या शीटमध्ये हा आकडा ठळक अक्षरात होता, हे सांगायला नकोच.

"बघ ना मामा!"

बघतोय रे. पण आता दुसरं बेट बघ.

पॅसिफिक महासागरातलं टुवालू. नऊ बेटं, एकूण जमीन २६ चौरस किलोमीटर, लोक ११ हजार. हेसुद्धा आधी गिल्बर्ट आणि एलिस बेटं अशा जोडनावाने ब्रिटिशांकडे होतं. १९७४ मध्ये एलिसच्या लोकांनी मतदान करून गिल्बर्टपासून वेगळं व्हायचं ठरवलं, १९७८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि टुवालू या नावामुळे अक्षरं मिळाली टीव्ही. इंटरनेटच्या आधी या देशाच्या कमाईतला एक भाग म्हणजे पोस्टाची तिकिटं. शाळेत असताना माझ्या अल्बममध्ये अशा चिमुकल्या देशांची रंगीबेरंगी तिकिटं होती. ती कधी कुठल्या पाकिटावर चिकटली नसणार, आमच्यासारख्या पोरांसाठीच छापलेली. पुढे डॉट टीव्ही आलं तेव्हा मला वाटलं, हेही तेच की! देशाचं नाव छापायचं आणि ज्यांचा त्या देशाशी संबंध नाही त्यांना विकायचं.

२००० मध्ये एका अमेरिकन कंपनीशी करार झाला, १२ वर्षांत ५ कोटी डॉलर. त्याच पैशांच्या जोरावर टुवालूने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं, १८९ वा देश. तोवर तो खर्चच परवडत नव्हता. रस्त्यांवर डांबर पडलं, दिवे आले. समुद्राची पातळी वाढली तर ज्याचा नकाशाच पुसला जाईल अशा देशाला जगापुढे बोलायला खुर्ची मिळाली, ती या शेपटीमुळे. ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चांगली गुंतवणूक वाटते.

पण ज्यांनी डॉट टीव्हीची नावं साठवायला घेतली त्यांचं काय? ट्विच डॉट टीव्ही सुरू झालं २०११ मध्ये, ॲमेझॉनने ते २०१४ मध्ये ९७ कोटी डॉलरला घेतलं. ते पैसे शेपटीचे नव्हते, धंद्याचे होते. २००० ते २०११ एवढी वर्षं कोणी नुसतं नाव धरून बसला असेल, तर तो दरवर्षी पैसे भरत होता. टुवालूला मात्र या सगळ्या काळात पैसे येत राहिले, आणि २०२१ च्या शेवटी नवा करार झाला तो वर्षाला साधारण एक कोटी डॉलरचा.

इथे मी भाच्याला टोलनाक्याचा दृष्टांत दिला. टोलनाका ज्याचा, तो प्रत्येक गाडीमागे कमावतो. गाडी मुक्कामाला पोहोचली की पंक्चर झाली, त्याला फरक पडत नाही. अँग्विला आणि टुवालू नाक्यावर बसलेत. तू चाळीस गाड्या घेऊन रांगेत उभा राहणार आहेस, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा टोल.

"पण जमिनीचं तसंच असतं ना? धरून ठेवायची," तो म्हणाला.

नाही. जमीन घेतली की सातबारा आपल्या नावाचा होतो. डोमेन हा भाडेकरार आहे, आणि पुढचं भाडं किती ते मालक ठरवतो. दुसरं म्हणजे नवी जमीन तयार होत नाही, शेपटं होतात. २०१२ मध्ये आयकॅनने नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले. अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर, तरी अर्ज आले १९३०. शॉप, ऑनलाईन, ॲप, क्लब... हजारावर नवी शेपटं लागली. आपलं देवनागरी डॉट भारतही २०१४ मध्ये आलं. आणि तिसरं म्हणजे लोकांची बोटं. २०१० मध्ये ओव्हरस्टॉक या अमेरिकन दुकानाने ओ डॉट को हे नाव साडेतीन लाख डॉलरला घेतलं, जाहिराती केल्या, नावही बदललं. गिऱ्हाइकं टाईप करायची ओ डॉट कॉम! वर्षाच्या आत त्यांना जुन्या नावाकडे परतावं लागलं.

मग मी त्याला तिसऱ्या बेटाची गोष्ट सांगितली, कारण स्टार्टअपवाल्यांचं दुसरं आवडतं शेपूट म्हणजे डॉट आयओ. माझ्याकडेही एक होतं. हे शेपूट हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं. १९६५ मध्ये ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडून वेगळा प्रदेश केला आणि १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियाच्या अमेरिकन लष्करी तळासाठी तिथल्या सगळ्या लोकांना बाहेर काढलं. १९९७ मध्ये जेव्हा आयओ शेपूट चालू झालं, तेव्हा त्या प्रदेशात स्वतःचा असा एकही रहिवासी नव्हता. ते चालवणारी ब्रिटिश खाजगी कंपनी २०१७ मध्ये ७ कोटी डॉलरला विकली गेली. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये संसदेत सांगितलं होतं की आम्हाला यातून काही मिळत नाही. घराबाहेर काढलेल्यांचा तर हिशोबच नव्हता.

आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली. आयएसओच्या यादीतून आयओ गेलं, तर पोस्टेलच्या जुन्या नियमाने शेपूटही काही वर्षांत काढावं लागतं. युगोस्लाव्हियाचं वाययू असंच २०१० मध्ये बंद झालं, नेदरलँड्स अँटिल्सचं एएन २०१५ मध्ये. सोव्हिएत संघाचं एसयू मात्र देश गेला तरी मागे उरलं. म्हणजे तुमच्या गुंतवणुकीचं आयुष्य दूरच्या कुठल्यातरी बेटाच्या राजकारणावर अवलंबून, आणि त्या बेटाचं नावही तुम्हाला धड माहीत नाही. माझ्या आयओ नावासाठी मी चार वर्षं पैसे भरले. चागोस कुठे आहे हे नकाशात बघितलं ते नंतर. याची लाज वाटते, खोटं कशाला बोलू.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने शीटमधल्या ओळी काढायला सुरुवात केली. बत्तिसाव्या ओळीपाशी थांबून म्हणाला, "मामा, हे एक तरी? याचं ॲप मी खरंच बनवतोय."

"मग ते घे की. ती गुंतवणूक नाही, ती दुकानाची पाटी आहे."

"आणि तुझी? एकही नाही राहिलं?"

राहिलंय. २००५ मध्ये डॉट इन खुलं झालं तेव्हा घेतलेलं, आमच्या आडनावाचं. विकायला म्हणून घेतलेलं, कोणी विचारलं नाही. मग त्यावर बाबांचा ईमेल काढून दिला. गेली वीस वर्षं दरवर्षी न चुकता पैसे भरतो, आणि बाबा दर रविवारी त्यावरून मला सुविचार पाठवतात.

भाच्याने शेवटी चार नावं ठेवली. मी म्हटलं एक, तो म्हणाला चार. त्याचे पैसे, त्याचं वय. फ्लॅटचे बाकीचे पैसे बँकेत परत गेले एवढं मात्र ताईला कळवलंय.