किल्लारीची घरे आणि सेवेचा विचार

राष्ट्रीय सेवा योजनेचे नाव निघाले की गावातली गटारे साफ करणारी, झाडे लावणारी कॉलेजची मुले डोळ्यांसमोर येतात. या योजनेमागे एक जुना शैक्षणिक विचार आहे आणि त्यात मुस्लिम शिक्षणतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा तयार करण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. हाताच्या कामावाचून शिक्षण पुरे होत नाही, हे तिचे सूत्र होते. समितीत पानिपतचे ख्वाजा गुलामुस्सैयदैन होते. स्वातंत्र्यानंतर सी. डी. देशमुख समितीने तरुणांना राष्ट्रसेवा सक्तीची करावी असे सुचवले. सैयदैन यांनी अनेक देशांतले प्रयोग अभ्यासून १९६० च्या सुमारास वेगळा कौल दिला. सेवा स्वेच्छेची असावी, असे त्यांचे मत होते. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. त्याआधी मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले होते.

या विचाराची कसोटी आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लागली. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूरला तेव्हा अरुंद रेल्वे होती. मुंबई-चेन्नई मार्गावरचे सोलापूर हे जवळचे मोठे स्थानक. नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्याने मदतीचा ओघ लागला. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्र दंगलीत होरपळला होता, मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. ढिगारा उपसताना मात्र खालचा माणूस कोणत्या जातीधर्माचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. लष्कराचे जवान, स्वयंसेवी संस्था, विद्यार्थी, शेजारच्या गावांतले लोक या कामात उतरले.

भूकंपाइतकीच माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या काळ्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि लाकडावर मातीचा थर टाकलेले माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर हादऱ्यात टिकले नाही. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारा आरपार दगड नसल्याने भिंत फुगून फुटायची आणि माळवद अंगावर यायचे.

मग जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन सुरू झाले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्र जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे जुन्या गावातली उतरंड नव्या आराखड्यातही उतरली. गावोगावच्या पिंजारी-मणियारांसारख्या, हातावर पोट असलेल्या कुटुंबांकडे जमीन असणार किती? अनेक घरे देणगीदार संस्थांनी बांधून दिली, पण गल्लीबोळांचा शेजार रुंद रस्त्यांनी तोडला.

दुसरी वाट दुरुस्ती-मजबुतीकरणाची होती. येथे घरमालकाला पैसे आणि साहित्य मिळे आणि बांधकाम त्याने स्वतः पाहायचे. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतल्या सुमारे १,३०० गावांत स्थानिक स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम सांभाळले. घर कसे बांधावे, आरपार दगड कुठे घालावा, हप्ता केव्हा मिळेल, हे त्या घरोघरी समजावत. ज्यांना कालपर्यंत घराच्या कागदावर नाव नव्हते, त्या बायका गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या.

सैयदैन यांना अभिप्रेत सेवा हीच होती, असे मला वाटते. स्वयंसेवकाने चार दिवस विटा वाहिल्या तर त्याचे मन घडते, पण घर गवंड्याच्या हाताने आणि घरच्या माणसाच्या माहितीने उभे राहते. सोलापूर जिल्ह्यातही माळवदाची घरे आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या सेवा शिबिरांत गवंडी आणि विद्यार्थ्यांनी मिळून अशा घरांच्या भिंती तपासल्या, तर १९९३ चा धडा कामी येईल. त्यासाठी पुढच्या भूकंपाची वाट पाहण्याची गरज नाही.