लोखंडाचा कुलवृत्तांत

बेळगावातील एका पक्षकाराच्या वडिलांनी जन्मभर जमविलेला जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा साठा वाटणीपत्रासाठी तपासण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तेव्हा भंगारवाल्याने वजनावर भाव सांगून ठेवलाच होता. थोरल्या मुलाला तो मान्य होता. धाकट्याचे म्हणणे असे की, यादी झाल्याखेरीज एक खिळाही हलू नये. आम्ही धाकट्याच्या बाजूने मत दिले आणि तीन दिवस ग्रीसमध्ये हात घालण्याचे काम ओढवून घेतले.

साठा होता पिकअपचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालमोटारीचा. ही जात अमेरिकेतील. तेथील शेतकरी फोर्डच्या 'टी' मोटारीची मागची बाजू काढून सुताराकडून लाकडी पेटी बसवून घेत. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने कारखान्यातच हौदा बसविलेली गाडी २८१ डॉलरला विक्रीस काढली. आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे कारखाना घातला. पेट्यांतून बोटीने आलेले भाग तेथे जोडून शेव्हरोलेट गाड्या तयार होत. नुसती जोडणी नको, भागही येथेच बनवा, असा सरकारने आग्रह धरल्यावर १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढे जुन्या गाडीचा भाग बहुधा दुसऱ्या जुन्या गाडीतूनच मिळावयाचा. असे साठे वाढले ते त्यामुळे.

देवस्थानच्या भांड्यांची यादी करणे सोपे, कारण दात्याचे नाव भांड्यावर कोरलेले असते. येथे नुसते आकडे. फोर्डच्या एका भागावर '०१ए' निघाले. त्यातील शून्य म्हणजे १९४० साल, 'ए' म्हणजे प्रवासी मोटार. हलक्या मालमोटारीला 'सी', मोठ्या ट्रकला 'टी'. मग हा भाग पिकअपच्या राशीत कसा? कारण तो प्रथम ज्या गाडीसाठी आखला गेला, तिची ती खूण; पुढे तो पिकअपलाही बसे. आडनावावरून मूळ गाव कळते, राहता पत्ता नव्हे, तसलाच हा प्रकार.

शेव्हरोलेटच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाने मात्र आम्हांस चकविले. ठोकळ्यावर ओतीव अक्षरे होती : 'सी १२ ८'. 'ए' म्हणजे जानेवारी, या हिशेबाने 'सी' म्हणजे मार्च, तारीख बारा, आणि सालाचा केवळ शेवटचा अंक आठ. २१६ घनइंचांचे हे इंजिन १९३७ पासून १९५३ पर्यंत निघत होते. शेजारी १९४७ नंतरच्या घडणीची केबिन पडली होती, म्हणून आम्ही बेधडक '१९४८' लिहिले. शेजारचा पुरावा या खटल्याचा नव्हे, हे कोर्टात आम्ही इतरांना किती वेळा ऐकविले असेल! वृद्ध मिस्त्रीने रॉकेल लावून ठोकळ्याची दुसरी बाजू घासली, तेथील भागक्रमांक कंपनीच्या पुस्तकाशी ताडला आणि १९३८ ठरविले. आम्ही खाडाखोड करून सही केली.

म्हणजे ज्या गाडीला घरची मंडळी 'आजोबांची गाडी' म्हणत, ती निदान दोन गाड्यांची होती. थोरल्याला हे प्रथम रुचले नाही. मग त्याने यादी दोनदा वाचली आणि मिस्त्रीला विचारले, "या इंजिनाची गाडी कुठे असेल?"

चौथ्या दिवशी भंगारवाला काटा घेऊन आला. त्याला वाकलेले दोन मडगार्ड आणि गंजलेला हौदा मिळाला. इंजिनावर थोरल्याने ताडपत्री घातली होती.