मापाला चकवणारे दूध
यवतमाळ या कापसाच्या जिल्ह्यात गायीची किंमत दुधापेक्षा तिच्या पोटी येणाऱ्या बैलावरून ठरत आली. म्हणूनच शेतकऱ्यांना मदत म्हणून आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजातून विदर्भातील सहा जिल्ह्यांत दुभती जनावरे वाटली गेली, तेव्हा चाऱ्यापाण्यावाचून ती पोसणे अनेकांना जड गेले, यात नवल नव्हते. ही झाली पोसणाऱ्याची बाजू; दूध घेणाऱ्याची चिंता वेगळी. रतिबाच्या, म्हणजे रोज ठरल्या मापाने घरपोच येणाऱ्या दुधाविषयी गिऱ्हाइकाचा जुना संशय पाण्यापुरता असे, आणि घनता मोजणारे लॅक्टोमीटर ती लबाडी बहुधा उघडी पाडी. युरिया, धुण्याची पावडर व खाद्यतेल घुसळून केलेल्या कृत्रिम दुधाने मात्र हे मापही निकामी केले, कारण विरघळलेला युरिया घटलेली घनता सावरून धरतो. मग पारख पुन्हा पातेल्यातल्या सायीवर आणि गवळ्याच्या ओळखीवर आली. गवळ्यावाचून मिळू शकणारे सोयाबीनचे दूध, ते पीक शिवारभर असूनही, येथील चहात शिरले नाही; दाणा तेलगिरणीत जातो, पेंड पशुखाद्यात.