जेफर्सन-कूलिज दप्तर
व्हर्जिनियाचे वकील, फलोद्यानाचे व्यासंगी आणि अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) यांच्या खासगी कागदपत्रांचा, वंशजांनी जतन केलेला संग्रह. त्यांचे पणतू टॉमस जेफर्सन कूलिज यांनी १८९८ मध्ये तो बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या स्वाधीन केला. पत्रव्यवहार व वास्तुरेखाटने यांखेरीज त्यात १७६६ ते १८२४ या काळातील नोंदींची उद्यानवही असून, जेफर्सन यांच्या मॉंटिचेलो (पहा) या मळ्यावरील फळझाडांची लागवड, पेरणी, मोहोर आणि फलपक्वता यांच्या तारखा तीत टिपल्या आहेत. याच संग्रहातील शेतवहीत गुलामांची (पहा : गुलामगिरी) नावनिशीवार यादी व त्यांना वाटलेली कांबळी, कापड आणि शिधा यांचा हिशेब आढळतो. उद्यानविद्या आणि मळापद्धती यांच्या इतिहासाचे हे अस्सल साधन होय. उद्यानवही एडविन बेट्स यांनी संपादित करून १९४४ मध्ये प्रसिद्ध केली.