नष्ट मोटारीची प्रतिकृति

१९५० च्या सुमारास अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें सॅम व जॉर्ज या बॅरिस बंधूंनीं निक मात्रांगा नांवाच्या तरुणाची १९४० सालची मर्क्युरी मोटार नव्यानें घडविली. छप्पर कापून खालीं आणलें, दारामागील खांब काढला, बाजूच्या कांचांच्या चौकटी गोलाईनें वांकविल्या. या वक्ररेषेवरच रसिक लुब्ध झाले. पुढें गाडी नष्ट झाली. छायाचित्रें तेवढीं उरलीं. त्यांवरून प्रतिकृति झाल्या आणि वादही. कित्येकांस खिळाही मुळाबरहुकूम हवा. इतरांस एंजिन नवें चालतें, रंगही आवडीचा. दुसरा पक्ष अगदींच चुकीचा नव्हे. बॅरिस बंधूंनीं तरी कारखान्याची मोटार जशीच्या तशी कोठें ठेविली होती? मात्र ती वक्ररेषा बिघडली, तर दोन्ही पक्ष हळहळतात.