नागोयाचा बेंजो, खानदेशची वरात

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गावात बँडची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, की नाचायला उतरलेली पोरं बेंजोची वाट बघतात. जनरेटर सुरू होतो, कर्णे खरखरतात आणि मग तार अशी कडाडते की ढोल-ताशालाही तिच्या मागून चालावं लागतं. अहिराणी गाण्याची चाल असो, सातपुड्याकडची पावरीची धून असो की नवं सिनेमाचं गाणं, बेंजोवर आलं की ते खानदेशी होतं. या वाद्याशी आपली इतकी जवळीक आहे की ते आलं कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते जपानहून आलं. जपानी रॉक ऐकायची वाटही खानदेशी माणसाला याच वाद्यापासून सापडू शकते.

1912 मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने हे वाद्य घडवलं. जपानात निगेनकिन नावाचं दोन तारांचं जुनं वाद्य होतं. मोरिताने त्याला टाइपरायटरसारख्या कळा जोडल्या. डाव्या हाताने कळ दाबायची, खालची तार पट्टीवर टेकते. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. सम्राट तैशोच्या राजवटीचं ते पहिलं वर्ष, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. कळांवर आकडे असायचे. स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही आकडे बघून गाणं वाजवता येई. सामान्य घरात शिरेल असं हे वाद्य होतं आणि पुढे जगभर ते पसरलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

मुंबई आणि जपान यांच्यातली वाट त्याआधीच रुळलेली होती. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कंपनीची कोबे-मुंबई बोट सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. जपानी गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता आणि खानदेश हा कापसाचा मुलूख. आपला कापूस बोटीने तिकडे जात होता, त्या काळात तिकडची वाद्यं इकडे येऊ लागली. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत तैशोगोतो आशियाभर फिरला. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला, बलुचिस्तानात बेंजू झाला, बाली बेटावर पेंटिंग या नावाने रुजला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तारब संगीतात शिरला. ज्या मुलखात गेला, तिथल्या लोकांनी त्याला आपल्या चालींना जुंपलं.

मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि कोकणात त्याला विजेचा पिकअप बसला. घरातलं नाजूक वाद्य रस्त्यावर आलं. बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. गणपतीची मिरवणूक आणि हळद त्यांच्याशिवाय सुनी वाटू लागली. रवी जाधव यांनी 2016 मध्ये याच वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला.

खानदेशात बेंजो टिकला त्याला सांगीतिक कारण आहे. पावरी हे भोपळ्याचं सुषिर वाद्य. त्याचा सूर अखंड वाहतो. तारेचा सूर छेडला की विरायला लागतो. पण वादक नखी इतक्या वेगाने फिरवतो की सूर तुटत नाही आणि पावरीची धून तारेवर उतरते. हे कसब बँडवाल्यांनी रात्र-रात्र वाजवून, वरच्या वादकाचा हात बघून मिळवलेलं आहे.

बेंजोच्या मागून आणखी दोन जपानी वाद्यं आली. कॅसिओने 1980 मध्ये पहिला कीबोर्ड बाजारात आणला. आज आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’च म्हणतात. ओसाकात स्थापन झालेल्या रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड 1985 चा. आठ चौकोनांवर काठी मारली की ढोलकीपासून ड्रमपर्यंत हवा तो ठेका निघतो. ऑर्केस्ट्रा असो की वरातीची गाडी, बेंजो, कॅसिओ आणि ऑक्टोपॅड शेजारी-शेजारी वाजताना दिसतात. तिन्हींचा जन्म जपानचा, वाजतात ती गाणी आपली.

जपानी रॉकची कथा नेमकी उलट्या दिशेने अशीच घडली. तिथे वाद्य परकं होतं. जानेवारी 1965 मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानात आला आणि इलेक्ट्रिक गिटारचं वेड घरोघर शिरलं. ताकेशी तेराउची या गिटारवादकाने 1966 मध्ये त्या परक्या गिटारवर जपानी लोकगीतांच्या चाली वाजवल्या. बेंजोवर अहिराणी चाल ऐकलेल्या कानाला त्या पहिल्या क्षणी ओळखीच्या वाटतील. मग वाद पेटला भाषेचा. रॉक इंग्रजीतच गावा, असं युया उचिदासारखे कलावंत ठासून सांगत होते. हॅप्पी एंड या बँडने 1971 च्या ‘काझेमाची रोमान’ या संग्रहात शुद्ध जपानीत गाऊन त्याला उत्तर दिलं. अहिराणी गाण्याला कमी लेखलेलं ज्यांनी सोसलं आहे, त्यांना या वादाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हॅप्पी एंडचा बासवादक हारुओमी होसोनो पुढे भारतात आला, त्या प्रवासातून 1978 मध्ये ‘कोचीन मून’ हा संग्रह निघाला. त्याच वर्षी त्याने यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा उभा केला. रोलँडच्या 808 या तालयंत्राचा वापर करणाऱ्या पहिल्या काही बँडांपैकी हा एक. बेंजोचीही फेरी थांबली नव्हती: नॉय! या जर्मन बँडच्या 1972 च्या पहिल्या संग्रहात क्लाउस डिंगरने हेच वाद्य वाजवलं आहे.

अलीकडच्या बँडांपैकी दोन आवर्जून ऐकावेत. 2022 मध्ये थांबलेल्या टोकियोच्या किकागाकू मोयोत रियू कुरोसावा सतार वाजवायचा. ती तो कोलकात्यात मणिलाल नाग यांच्याकडे शिकला. 2013 मध्ये सुरू झालेल्या आणि 2024 च्या अखेरीस थांबलेल्या वागाक्की बँडमध्ये शामिसेन, कोतो, शाकुहाची ही जपानी वाद्यं आणि मोठे ढोल इलेक्ट्रिक गिटारच्या बरोबरीने वाजायचे. वरातीच्या दणदणाटात वाढलेल्याला हा बँड लगेच भिडेल.

तेव्हा ऐकायचा क्रम असा ठेवा: आधी तेराउची, मग हॅप्पी एंड, मग यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, किकागाकू मोयो आणि शेवटी वागाक्की. शब्द कळले नाहीत तरी चालेल. परक्या वाद्यातून आपला सूर काढायची धडपड कळेल, कारण ती आपल्या गावातही चालू आहे. आणि एक मागणी आपल्या बँडमालकांकडे आहे. जपानी संग्रहांवर प्रत्येक वादकाचं नाव छापलेलं असतं. आपल्याकडे गाडीवर मालकाचं नाव ठळक असतं आणि बेंजो वाजवणारा निनावी राहतो. यापुढे रेकॉर्डिंग कराल, तेव्हा त्याचं नाव पहिलं लिहा.