दरीतले विमान आणि डोंगरावरचा प्रेक्षक

लढाऊ विमान आपण एरवी मान वर करून पाहतो. वेल्समधील डॉल्गेथ्लाय आणि मॅखन्थ्लेथ या गावांदरम्यानच्या दऱ्यांत मात्र ते खाली वाकून पाहता येते. या वळणावळणाच्या हवाई मार्गाला ‘मॅक लूप’ म्हणतात. हे नाव ध्वनिवेगाच्या ‘मॅक’ या परिमाणावरून पडले असावे असे वाटते. वस्तुतः तो मॅखन्थ्लेथ या गावनामाचा आद्यांश आहे. येथे जेट विमाने जमिनीपासून २५० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ७६ मीटरपर्यंत, उतरून सराव करतात. दूरदूरचे छायाचित्रकार ए-४८७ या रस्त्यालगत गाडी ठेवून डोंगर चढतात आणि तासन्‌तास वाट पाहतात. विमान येईलच अशी शाश्वती नसते.

विमाने इतकी खाली का उतरली, याचे उत्तर शीतयुद्धात आहे. आरंभी उंची हेच संरक्षण मानले जाई. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने गॅरी पॉवर्स यांचे यू-टू हे टेहळणी विमान पाडले आणि तो विश्वास ढळला. रडारच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. डोंगराआडचे किंवा क्षितिजाखालचे विमान त्यांना सापडत नाही. त्यामुळे अतिउंचावरून उडण्यासाठी घडवलेल्या व्हल्कन, व्हिक्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांना साठच्या दशकात जमिनीलगत उडणे शिकावे लागले. अणुस्फोटाची उष्णता परतवण्यासाठी दिलेल्या त्यांच्या पांढऱ्या रंगावर वरच्या बाजूने हिरवे-करडे पट्टे चढले. वरून पाहणाऱ्या शत्रूला विमान भूमीत मिसळलेले दिसावे, हा हेतू. पुढे टोर्नेडो हे विमान तर अशाच उड्डाणासाठी रचले गेले. १९९१ च्या आखाती युद्धात सुरुवातीच्या दिवसांत काही टोर्नेडो गमावल्यावर ती मध्यम उंचीवरून लढू लागली. वेल्समधला सराव मात्र थांबला नाही.

लपण्यासाठी शोधलेल्या या वाटेनेच विमान प्रेक्षकाच्या सर्वांत जवळ आणले. ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे २२ सेंटिमीटर सरकते. म्हणून छायाचित्रकार कॅमेरा विमानाच्या गतीने फिरवतो. वैमानिकाचे शिरस्त्राण स्पष्ट उमटते आणि मागचा डोंगर, मेंढ्यांची कुरणे, दगडी कुंपणे यांच्या रेषा होऊन जातात. ही तंत्राची गरज आहे, हे खरे. पण त्यामुळे ज्या भूमीवर हा आवाज कोसळतो, ती भूमीच चित्रातून पुसली जाते. वॉल्टर बेंजामिन यांनी ‘यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृती’ या निबंधाच्या अखेरीस युद्धाच्या सौंदर्यीकरणाविषयी जी चिंता व्यक्त केली, तिची येथे आठवण होते. डोंगरावर भिजत उभा असलेला छायाचित्रकार युद्धाचा पुरस्कर्ता असतो असे नव्हे. त्याचे कुतूहल आणि चिकाटी निर्मळ असू शकतात. तरीही संहाराची तालीम त्याच्या चौकटीत केवळ वेग आणि आकार होऊन येते.

ती तालीम किती खरी असते, हे कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत दिसले. तेथील रेनबो कॅनियन ही दरीही अशाच छायाचित्रणासाठी प्रसिद्ध होती. ३१ जुलै २०१९ रोजी अमेरिकी नौदलाचे एक सुपर हॉर्नेट विमान तिच्या कड्यावर आदळले. वैमानिकाचा मृत्यू झाला आणि काठावरचे सात पर्यटक जखमी झाले. आपण दृश्याबाहेर, सुरक्षित अंतरावर उभे आहोत, ही प्रेक्षकाची समजूत त्या दिवशी खोटी ठरली. ही छायाचित्रे वाचताना पुसट झालेल्या त्या पार्श्वभूमीकडेही पाहिले पाहिजे, ते याचसाठी.